नळीला भोक पाडायचं नाही!

शुक्रवारी कोड रिव्ह्यूमध्ये एका पोराला विचारलं, "हे इतकं वाकडं का केलंयस रे?" तो शांतपणे म्हणाला, "रिक्वायरमेंटमध्ये तसंच आहे." संपला विषय! आमच्या धंद्यात या वाक्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही. मला मात्र हे वाक्य ऐकलं की जर्मन सैन्याची 1941 सालची एक रायफल आठवते.

रायफल? हो, रायफलच. ऐका तर.

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं. त्यासाठी लागणारी ताकद गोळीमागून नळीतून धावणाऱ्या वायूतून घेता येते. थोडा वायू वळवायचा, त्याने दट्ट्या ढकलायचा, दट्ट्याने बोल्ट मागे सारायचा. रिकामी पुंगळी बाहेर, नवं काडतूस आत. वायू वळवायचा सरळ मार्ग म्हणजे नळीला एक बारीक भोक.

पण शस्त्रखात्यातल्या साहेबलोकांना त्या भोकाचीच धास्ती. नळी झिजेल, नेम बिघडेल वगैरे. मग पळवाट काय? नळीच्या तोंडावर एक टोपी बसवायची आणि गोळी नळीबाहेर पडता पडता वायू तिथे पकडायचा. कागदावर झकास!

अमेरिकेची एम1 गॅरंड 1936 साली अशीच टोपी घालून सैन्यात आली. टोपीत काजळी साठायची, साफ करणं कटकटीचं, आणि नेम धरायची माशीही त्याच भागावर असल्यामुळे तो भाग हलला की नेमाची वाट. जॉन गॅरंडने मग काय केलं? टोपी काढली आणि नळीला तोंडाजवळ भोक पाडलं. 1940 पासून कारखान्यातून नव्या पद्धतीच्या रायफली निघू लागल्या. तोवर जुन्या पद्धतीच्या जवळपास 50,000 बनल्या होत्या, त्यातल्या बहुतेक पुढे बदलून घेतल्या. इतका माल बाजारात गेल्यावर "आमचं चुकलं" म्हणायला छाती लागते, राव.

आता जर्मन. अमेरिकेने टोपी सोडली, त्याच सुमारास यांनी नव्या रायफलीच्या अटी काढल्या. नळीला भोक नको. गोळी झाडताना बाहेरून दिसणारा कुठलाही भाग हलता कामा नये. आणि यंत्रणा बंद पडलीच तर जुन्या रायफलीसारखी हाताने चालवता आली पाहिजे. माउझरने तिन्ही अटी मुकाट पाळल्या. वाल्थरने शेवटच्या दोन सरळ धाब्यावर बसवल्या. निवड कोणाची झाली? वाल्थरची! आज्ञाधारक माउझरची रायफल काही हजारांवरच थांबली.

पण भोकाची अट वाल्थरनेही पाळली आणि तिथेच माती खाल्ली. जी41 तोंडाशी जड, काजळीने तुंबणारी, रणांगणावर साफ करायला त्रासाची. समोर रशियन सैनिकांच्या हातात तोकारेव्हची एसव्हीटी-40 होती, नळीला रीतसर भोक असलेली. शेवटी 1943 मध्ये जर्मनांनी तीच पद्धत उचलली, भोक पाडलं आणि जी43 काढली. ती साधारण 4 लाख बनली. (ती उशिरा आली हे जगाच्या भल्याचंच झालं, ते सोडा.)

"जर्मन इंजिनीअरिंग म्हणजे जर्मन इंजिनीअरिंग!" म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी आता पुढचं वाचावं. नळीला भोक असलेल्या मशीनगन तेव्हा 40 वर्षं जुन्या होत्या. चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर हाती लागलेली झेडबी-26 ही त्यांच्याच सैन्यात वापरात होती. तिलाही भोक! म्हणजे पुरावा घरात पडलेला आणि अट कागदावर कायम.

कोणी म्हणेल, भीती अगदीच खोटी नव्हती. कबूल. तापलेला वायू भोकाची कड खातो, हे खरंच आहे. पण किती खातो आणि किती गोळ्यांनंतर, हे मोजता येतं. मोजलेली भीती म्हणजे डिझाइन. न मोजलेली भीती म्हणजे अंधश्रद्धा, मग तिच्यावर कितीही मोठ्या साहेबाची सही असो.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. एका प्रोजेक्टमध्ये "त्या टेबलाला हात लावायचा नाही" या नियमाभोवती मी दोन वर्षं कोड लिहिला. नियम का, हे कोणालाच माहीत नव्हतं. घालणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. शेवटी एक कॉलम वाढवला. दुपार पुरली. दोन वर्षं विरुद्ध एक दुपार!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रिक्वायरमेंटमधल्या प्रत्येक "नाही"पुढे कारण लिहिलेलं हवं आणि ते तपासायची चाचणी हवी. दोन्ही नसेल तर विचारा. वाईट दिसलं तरी विचारा. "क्लायंटने सांगितलं" हे उत्तर आपल्याला पगार देतं, पण बंद पडलेली रायफल हातात घेऊन उभा असतो तो दुसराच कोणी.

असो. सोमवारी त्या पोराला पुन्हा गाठणार आहे. या वेळी विचारणार, "ही अट कोणी घातली आणि का?"