पहिल्या दवाखान्यातील पहिला तास

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी अशी सूचनाही राज्यांना करण्यात आली. संकल्प स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, तो सिद्धीस जावयाचा कोठे? मंत्रालयातील बैठकांत तो जाणार नाही आणि शहरांतील सुसज्ज रुग्णालयांतही नाही. त्याचा निकाल लागेल तो पावसाळ्यातील एखाद्या रात्री, आडबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथे एकट्याच असलेल्या तरुण डॉक्टरच्या पहिल्या तासाभरातील वागण्यावर.

प्रश्नाची व्याप्ती आधी ध्यानात घेतली पाहिजे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली. म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार. यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत आणि साधारण चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालील मुलांचा आहे. भातखाचरात राबणारा शेतकरी, गवत कापणारी मजूर स्त्री, जमिनीवर घोंगडी टाकून झोपलेले पोर, ही या आकड्यांमागची माणसे होत. एवढे बळी घेणारी साथ शहरांत आली असती, तर विधिमंडळाचे कामकाज बंद पडले असते. खेड्यातील सर्पदंश मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपतो.

आपल्याकडे तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. मोठ्या रुग्णालयांतून त्याचे विभाग उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु या शास्त्राचा गाभा यंत्रसामग्रीत नाही. कोणती गोष्ट आधी करावयाची, कोणती मुळीच करावयाची नाही आणि कशाची वाट पाहावयाची, याविषयीच्या लहानलहान, अनुभवसिद्ध नियमांत तो आहे. सर्पदंशाच्या बाबतीत हे नियम इतके स्वस्त आणि सुटसुटीत आहेत की, ते ठाऊक असूनही माणसे मरतात याचा विस्मय वाटावा.

घोणस किंवा फुरसे चावले असता विषामुळे रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी होते. ती गेली आहे की नाही हे ठरविण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाचे थोडे ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घ्यावयाचे, ती वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग एकदाच कलती करून पाहावयाची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे. अट एवढीच की, नळी काचेची हवी आणि साबणाच्या पावडरीने धुतलेली नसावी. प्लास्टिकच्या नळीत चाचणी फसते. पहिली चाचणी निर्दोष आली तरी ती पहिल्या काही तासांत पुन्हा पुन्हा करावयाची असते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर घाला घालते. तेथे रक्त गोठले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

मण्यारीची गोष्ट तर अधिकच फसवी. ती बहुधा रात्री, झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही आणि खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे रुग्ण पोटदुखीची तक्रार करतो आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्यांची जडता दिसली, की साप पाहिला नसला तरी मण्यारीचा संशय घ्यावा, हा नियम प्रत्येक नव्या डॉक्टरला पाठ असला पाहिजे. असा रुग्ण पुढे डोळे उघडत नाही, हाकेला ओ देत नाही. पण तो मेलेला नसतो. हाताने दाबावयाच्या पिशवीने त्याचा श्वास चालू ठेवला, तर तो काही दिवसांनी चालत घरी जाऊ शकतो.

उपचार म्हणजे प्रतिविष, ज्याला बोलण्यात आपण सर्पदंशाची लस म्हणतो. विषबाधेची लक्षणे दिसताच सुरुवातीला साधारण दहा कुप्या सलाइनमधून द्यावयाच्या. लहान मुलालाही मात्रा तीच; कारण मूल लहान असले म्हणून साप विष कमी सोडीत नाही. प्रतिविषाने काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आधीच भरून उशाशी ठेवावयाचे. त्वचेवर थेंब टोचून चाचणी घेण्याची जुनी पद्धत निरुपयोगी ठरली आहे. तिने प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो. घोणस-फुरशाच्या दंशात रक्ताची चाचणी सहा तासांनी पुन्हा करावयाची, कारण गोठण्याचे घटक नव्याने तयार करण्यास यकृताला तेवढा अवधी लागतो. तत्पूर्वी घाबरून कुप्यांवर कुप्या रिचविणे म्हणजे औषधाचा अपव्यय होय.

मग अडते कोठे? अडते ते मुख्यतः 'पुढे न्या' या दोन शब्दांपाशी. पहिल्या दवाखान्यातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला अशी रुग्णाची पाठवणी होते आणि ज्या तासांत प्रतिविषाचा खरा उपयोग, ते तास रस्त्यावर संपतात. रुग्णाला मोठ्या ठिकाणी हलविणे अनेकदा आवश्यकच असते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली किंवा श्वास कृत्रिम रीतीने दीर्घकाळ चालवावा लागला, तर दुसरा मार्ग नाही. आक्षेप पाठविण्याला नाही, पहिली मात्रा न देता पाठविण्याला आहे. तातडीचे उपचार मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात स्पष्ट केले. रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविल्याचे ते प्रकरण होते. निकालाला कित्येक वर्षे लोटली. पाठवणी थांबलेली नाही.

तथापि सारा दोष त्या तरुण डॉक्टरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रुग्णाला प्रतिक्रिया आली आणि तो दगावला, तर दाराशी जमलेला जमाव शास्त्र ऐकून घेत नाही. पुढे पाठविलेला रुग्ण वाटेत गेला, तर मात्र कोणी जाब विचारीत नाही. जी व्यवस्था कृतीला शिक्षा आणि निष्क्रियतेला अभय देते, तिच्यात माणसे निष्क्रियताच पत्करणार.

असे असले तरी दुसरे घडू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे हृदय निकामी होऊन मरत असत. महाडच्या परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची बारकाईने नोंद ठेवली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध ऐंशीच्या दशकात या दंशावर वापरले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकाने छापले, मृत्यूचे प्रमाण अगदी अल्प झाले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन कोणत्याही मोठ्या संस्थेच्या इमारतीत झाले नाही. ज्याने रुग्णाला पुढे पाठविण्याऐवजी त्याच्यापाशी रात्र काढली, त्याच्या हातून ते झाले.

म्हणून आराखड्याची कसोटी तीन साध्या प्रश्नांनी लावावी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या मात्रेपुरत्या कुप्या, ॲड्रेनॅलिन, काचेच्या नळ्या आणि श्वासपिशवी आहेत काय? तेथील डॉक्टर व परिचारिका यांच्याकडून त्यांचा प्रत्यक्ष सराव करून घेतला आहे काय? आणि नियमानुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी प्रशासन उभे राहील, हे त्याला लेखी कळविले आहे काय?

काही भार आपल्यावरही आहे. दंशावर चिरा देऊ नयेत, तो चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात, मोडलेल्या हाडाप्रमाणे तो अवयव स्थिर ठेवावा आणि सापाच्या किंवा मांत्रिकाच्या मागे न लागता दवाखाना गाठावा, हे खेड्यात आजही बहुधा शिक्षकच सांगू शकतो आणि त्याचेच ऐकले जाते. एवढे ऐकून माणसे वेळेवर दवाखान्यात आली, तर तेथे त्यांना वाहनाची चिठ्ठी नव्हे, औषध मिळाले पाहिजे. २०३० फार दूर नाही आणि त्याआधी येणारे पावसाळे बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.