परतीचे बियाणे, न परतणारा हंगाम

जूनच्या तोंडावर चिखली-मेहकरच्या बाजारात सोयाबीनच्या बियाण्याला एकदम मागणी येते. मागील हंगामात न खपलेली पोती दुकानदारांकडून कंपन्यांकडे परत गेलेली असतात. त्यांतलीच काही, नव्या मागणीची तूट भरून काढण्यासाठी, पुन्हा बाजारात उतरतात. यात बेकायदा काही नाही. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून 9 महिने असते आणि फेरचाचणीत ते उतरले तर ती 6 महिन्यांनी वाढविता येते. चांगले बी केवळ परत आले म्हणून फेकून द्यावे, असे कोणीही म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो धोका कोणाच्या माथी मारला जातो, हा. सोयाबीनचे टरफल पातळ, तेलाचा अंश मोठा. तापलेल्या गोदामातला उन्हाळा आणि पोत्यांची आदळआपट यांनी त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. किमान प्रमाण 70 टक्के उगवणीचे आहे. पण चाचणीनंतर पोते कोठे व कसे पडून होते, हे खूणचिठ्ठी सांगत नाही. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. त्यामागची कारणे अनेक असतील. नुकसान मात्र एकाच्याच पदरी पडले.

न विकलेले पोते दुकानदार परत करू शकतो. न उगवलेले बी शेतकऱ्याने कोणाला परत करावे? दुबार पेरणीला सावकार पैसे देईल, वाया गेलेली ओल कोण देणार? 1966 च्या बियाणे कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठरविला, तो जास्तीत जास्त 500 रुपये! शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिला खरा. परंतु पंचनाम्यापासून ग्राहक आयोगापर्यंतची वाट कोरडवाहू शेतकऱ्याला पेलणारी नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पोते परतीचे असल्यास तसे त्यावर ठळक छापावे. फेरचाचणी परत आल्यानंतरच, त्रयस्थ प्रयोगशाळेत व्हावी. किंमत कमी असावी आणि उगवण न झाल्यास भरपाई विक्रेत्या साखळीने त्याच हंगामात द्यावी. तोवर शेतकऱ्याने पावती व रिकामी पिशवी जपावी, ओल्या गोणपाटात 100 दाणे मोजून उगवण पाहावी. पण स्वतःच्या मालाची परीक्षा गिऱ्हाइकावर सोपविणाऱ्या व्यापाराला सचोटीचा व्यापार म्हणता येत नाही.