डाळिंबाने रक्त वाढतं का?

काल बागेवर फळं घ्यायला आलेल्या एका ताईंनी विचारलं, "दादा, लेकीचं हिमोग्लोबिन कमी आहे. रोज एक डाळिंब दिलं तर भरून निघेल ना?" पाच किलोचं गिऱ्हाईक होतं, तरी खरं तेच सांगितलं. नाही निघणार. 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. भगव्याचा लाल रंग अँथोसायनिनचा, लोहाचा नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका म्हटलं.

आपल्यातलेच काही बागायतदार 'रक्तवाढीचं फळ' असा बोर्ड लावून विकतात, ते मला पटत नाही. खोटं बोलायची गरजच काय? दाण्यात क जीवनसत्त्व आहे, ते भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. पॉलिफेनॉल्स आहेत. (त्यातलं प्युनिकॅलाजिन सगळ्यात जास्त सालीत, अन् साल आपण उकिरड्यावर टाकतो!) आणि बी थुंकू नका राव. तंतू बीमध्येच जास्त, प्युनिसिक आम्लाचं तेलही तिथंच. रस गाळला की हे सगळं चोथ्यात जातं.

ताईंनी शेवटी दोनच किलो नेली. चालतंय.