‘हा आमचा माणूस नाही’ म्हटले की

कंत्राटी कामगारांना गेटवरून परत पाठवले जाते, युनियन औद्योगिक न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार (यूएलपी) दाखल करते आणि कंपनीच्या लेखी म्हणण्यात पहिलाच मुद्दा येतो : हे आमचे कामगारच नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. बहुतेक वेळा तक्रार तिथेच थांबते. काढले ते योग्य की अयोग्य, युनियनचे सभासद झाल्याचा राग काढला का, वर्षानुवर्षे बदली म्हणून राबवून घेतले का, या कशाचीच चौकशी होत नाही. अनुचित कामगार प्रथा रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1971 मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याची ही अवस्था न्यायालयीन निकालांमुळे झाली आहे, आणि ती बदलायला हवी.

या कायद्याचे मोल कशात होते ते आधी पाहू. औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगारांच्या सामूहिक मागण्यांना आधी समेट अधिकाऱ्याकडे जावे लागे आणि तिथे फिसकटले की सरकार विवाद न्यायाधिकरणाकडे पाठवते का याची वाट पाहावी लागे. 1971 च्या कायद्याने कामगाराला आणि युनियनला थेट न्यायालयाची पायरी दाखवली. कलम 28 खाली 90 दिवसांत तक्रार करायची आणि कलम 30 खाली अंतरिम आदेश मागायचा. पुण्यातल्या पाचगाव-पर्वतीच्या वनीकरणावर राबणाऱ्या मजुरांचा खटला याच वाटेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालक होते खुद्द राज्य सरकारचे वनखाते. मजूर पाच-सहा वर्षे कामावर होते आणि वर्षातले 100 ते 330 दिवस काम करत होते. तरी सरकारचे म्हणणे असे की, यांना कायमपणापासून वंचित ठेवण्याचा आमचा हेतू होता हे आधी सिद्ध करा. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहाव्या बाबीत ‘हेतू’ हा शब्द आहे खरा. पण 1995 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, इतकी वर्षे हंगामी म्हणून ठेवणे यातूनच हेतू दिसतो. मालकाच्या मनात शिरून पुरावा आणण्याची सक्ती मजुरावर करता येत नाही. पुढे कलर-केम प्रकरणात न्यायालय म्हणाले की, रात्रपाळीत झोपल्याचा ठपका खरा असला तरी त्यासाठी नोकरीच घालवणे ही धक्कादायक शिक्षा आहे आणि अशी शिक्षा देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. कायद्याचा आत्मा ओळखणारे हे निकाल होते.

मग 2001 आले. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मालक-कामगार नातेच वादात असेल तर या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. कंत्राट नामधारी आहे की खरे, हे आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ठरवून आणा, मग इकडे या. 2003 मध्ये इंडियन स्मेल्टिंग प्रकरणात हेच पक्के झाले. यामागचा तर्क असा की, 1971 च्या कायद्याखालची कार्यवाही संक्षिप्त असते आणि नात्याचा प्रश्न गुंतागुंतीचा, पुराव्याचा असतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ठेकेदाराचा परवाना, हजेरीपट, पगार कोण देतो, कामावर देखरेख कुणाची, रजा कोण मंजूर करतो, हे सगळे तपासावे लागते. पण औद्योगिक न्यायालये रोज साक्षी नोंदवतात, उलटतपासण्या घेतात, सूडबुद्धीचा आणि पक्षपाताचा पुरावा तोलतात. औद्योगिक न्यायालयाचे सदस्य औद्योगिक न्यायाधिकरण म्हणूनही बसतात. त्याच न्यायाधीशासमोर तोच पुरावा एका कायद्याखाली झेपतो आणि दुसऱ्याखाली झेपत नाही, हे पटण्यासारखे नाही. शिवाय वाद आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार या निकालांनी प्रत्यक्षात मालकाच्या हाती दिला. नाकारणे त्याच्याच हातात आणि नाकारण्याचा लाभही त्यालाच.

औद्योगिक विवाद कायद्याची ही दुसरी वाट किती लांब असते, ते मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांनी दाखवून दिले. शहराचा कचरा उचलायचा, गाडीवर चढवायचा, तोही पालिकेच्या देखरेखीखाली. पण कागदोपत्री कंत्राटदाराचे. या 2700 कामगारांच्या बाजूने न्यायाधिकरणाने 2014 मध्ये निवाडा दिला, कंत्राटे दिखाऊ ठरवली आणि त्यांना कायम करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये तो कायम केला. एवढे होऊनही अंमलबजावणीच्या वेळी नावांतल्या किरकोळ फरकांवरून अनेकांच्या कायमपणाला खीळ बसली. कंत्राटदाराच्या कागदावर जे नाव जसे लिहिले गेले, त्याची शिक्षा कचरा उचलणाऱ्याने भोगायची. मधल्या काळात जे वारले, त्यांच्या घरच्यांना हा विजय कसा सांगायचा?

आणखी एक आक्षेप नेहमी येतो. 2006 च्या उमादेवी निकालाने सरकारी नोकरीत मागच्या दाराने येणाऱ्यांना कायम करण्यास मनाई केली, मग कायमपणाची मागणी कशाला? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच 2009 मध्ये एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राइब या प्रकरणात दिले आहे. उमादेवीने उच्च न्यायालयांच्या रिट अधिकारांना मर्यादा घातली. अनुचित प्रथा सिद्ध झाल्यावर औद्योगिक न्यायालयाला मिळणारे अधिकार हिरावले नाहीत. मंजूर पदेच नसतील तर मात्र अडचण येते, हेही त्या निकालात आहे आणि ते मान्यच करायला हवे. पण वर्षानुवर्षे काम उपलब्ध असते, माणूस तोच असतो आणि पद तेवढे निर्माण होत नाही, याची जबाबदारी कुणाची?

केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेकडून फार आशा बाळगण्यात अर्थ नाही. तिच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित प्रथांची यादी आहे, 10 हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडही आहे. पण या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायची ती सरकारच्या किंवा सरकारने अधिकार दिलेल्याच्या तक्रारीवरून. दंड तिजोरीत जाईल, काढलेला कामगार घरीच बसेल. राज्याच्या कायद्यातली थेट तक्रारीची वाट म्हणूनच जपण्यासारखी आहे, आणि ती रुंद करणे विधिमंडळाला अशक्य नाही. 1971 च्या कायद्यात ‘कामगार’ची व्याख्या दोन प्रकारे केलेली आहे. ज्या उद्योगांना मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, त्यांच्यासाठी त्याच कायद्याची व्याख्या घेतली आणि तिच्यात कंत्राटदाराने लावलेला माणूसही बसतो. इतर उद्योगांसाठी औद्योगिक विवाद कायद्याची अरुंद व्याख्या घेतली. न्यायालयाने याच फरकावर बोट ठेवून कंत्राटी कामगारांना बाहेर ठेवले. तो फरक दुरुस्तीने मिटवावा, नात्याचा वाद प्राथमिक मुद्दा म्हणून ठरावीक मुदतीत निकाली काढण्याचे बंधन औद्योगिक न्यायालयावर घालावे आणि तोवर काम चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश देण्याची मुभा स्पष्ट शब्दांत लिहावी. यासाठी केंद्राकडे बोट दाखवण्याआधी मुंबईतल्या विधानभवनात विधेयक मांडावे लागेल. कामगार आपले मतदार आहेत असे सांगणाऱ्या प्रत्येक आमदाराला ते कधी मांडणार, हे युनियनांनी विचारायला हवे.