आवाज कधी येतो?

फ्रीलान्सरच्या आयुष्यात दोन आवाज फार डेंजर. एक एडिटरचा, 'कॉपी कुठाय?' विचारणारा. दुसरा गाडीच्या पोटातून येणारा. पहिल्याला थाप मारता येते. दुसऱ्याला नाही!

आमची एसयूव्ही बाबांनी 2009 साली घेतली. डिझेल, फोर बाय फोर. डॅशबोर्डवरचं गोल बटण फिरवलं की खाली एक छोटी मोटर फिरते आणि पुढची चाकंही कामाला लागतात. 2024 मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा आरटीओत खेटे घालून रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून आणलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मी चालवते. बाबा शेजारी बसून नसलेला क्लच दाबतात.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी आम्ही मैत्रिणी ताम्हिणीला गेलो. एका शेताकडेच्या वाटेवर चिखल होता. बटण फोर-एचवर टाकलं, गाडी रुबाबात बाहेर. मी खूश! त्या खुशीत बटण तसंच राहिलं. रस्ता कोरडा ठणठणीत, घाटाची वळणं, आणि प्रत्येक वळणावर गाडी अडखळायला लागली. जणू मागून कोणी ओढतंय. मग 'कट्' असा आवाज. बटण टू-एचवर आणलं, तर फोर बाय फोरचा दिवा लुकलुकतच राहिला आणि खालून टक-टक-टक सुरू. पुण्यात पोचेपर्यंत हेडलाइट मंद आणि हॉर्न सर्दी झालेल्या कावळ्यासारखा.

दुसऱ्या दिवशी एका चकाचक वर्कशॉपमध्ये गेले. एसी, कॉफी, टायवाला एक्झिक्युटिव्ह. पाच मिनिटांत निकाल. "मॅडम, ट्रान्सफर केस गेलीये. खोलावी लागेल. साठेक हजार धरून चला. वायरिंगचं वेगळं. खरं सांगू का, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा विकून टाका."

साठ हजार! माझी दोन पेमेंट्स तीन महिन्यांपासून 'प्रोसेस'मध्ये आहेत. घरी सांगितलं, तर बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "टाक विकून." त्यानंतर अर्धा तास त्यांनी पेपरचं पान उलटलं नाही.

मग एका मित्राने त्याच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे पाठवलं. पत्र्याची शेड, कॉफी नाही, कटिंग चहा आहे. काकांनी बॉनेटला हातही लावला नाही. विचारलं, "ताई, आवाज कधी येतो?"

"कधी म्हणजे... येतो!"

"सरळ जाताना की वळताना? टू-एचमध्ये की फोर-एचमध्ये? वेगाबरोबर वाढतो की तसाच राहतो? गाडी उभी असताना येतो का?"

मास कॉमच्या पहिल्या लेक्चरला शिकवतात : कोण, काय, कुठे, कधी, का. पाच वर्षं त्यावर पोट भरतेय आणि गाडीच्या बाबतीत 'आवाज येतो' ही नुसती हेडलाइन घेऊन फिरत होते. आत बातमीच नाही!

काकांचं गणित असं. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं असेल तर आधी टायर आणि चाकाचं बेअरिंग बघायचं. गिअर टाकून गाडी सोडताना एकच 'धाड' आली तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आली तर पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट. आणि फोर-एचमध्ये, कोरड्या डांबरावर, फक्त वळताना गाडी अडखळली तर? "मग गाडी नाही, चालवणारा चुकला."

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. माझ्या गाडीत फोर-एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात चाकं घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, त्यामुळे सगळा पीळ शाफ्टमध्ये भरतो आणि फोर-एच सुटता सुटत नाही. काकांनी गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घेतली, 'कट्' झालं आणि पीळ सुटला.

पण टक-टक? ती तर गाडी उभी असतानाही येत होती. काकांनी मल्टीमीटर काढला. इंजिन बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट, चालू असताना 14.1. म्हणजे बॅटरी ठीक, अल्टरनेटर ठीक. मग हेडलाइट लावून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली. तिथे 0.2 च्या आत आकडा हवा. आला 1.6!

अर्थिंगची पट्टी. बॅटरीपासून बॉडीला जाणारी, पंधरा पावसाळे खाऊन हिरवी पडलेली, बोल्टखाली पार गंजलेली. दिवे मंद, हॉर्न घोगरा, सगळ्याचं मूळ ते. मोटरलाही पुरेसा करंट मिळेना. बिचारी प्रयत्न करायची, अर्ध्यावर थांबायची, पुन्हा प्रयत्न करायची. टक. टक. टक.

नवी पट्टी, पत्रा पॉलिश पेपरने घासून लख्ख, वर पेट्रोलियम जेलीचा हात. दिवा विझला, टक-टक बंद. तरी काकांनी ट्रान्सफर केसचं ऑइल काढून बोटांवर चोळून पाहिलं. लोखंडाचा चुरा नव्हता. "चुरा असता तर मीच खोला म्हटलं असतं," ते म्हणाले. नव्या ऑइलसकट बिल एकोणीसशे रुपये.

संध्याकाळी बाबांना चक्कर मारायला नेलं. सिग्नलला त्यांनी उगाचच हॉर्न वाजवायला लावला. खणखणीत!

"मग, विकायचं म्हणत होतात ना?" मी विचारलं.

"मी? कधी?"