ओट्याची उंची कोणाच्या मापाने?

पावसाळा सरून नवरात्र जवळ आले की आमच्या पनवेलमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. घराघरांतून ठोकाठोकीचे आवाज येऊ लागतात आणि माझ्या दवाखान्यात त्या ठोकाठोकीचे रुग्ण येऊ लागतात. १०० इंचांच्या आसपास पाऊस झेललेल्या भिंतींना ओल आलेली असते, रंगाचे पोपडे सुटलेले असतात, दारे फुगलेली असतात आणि दिवाळीपूर्वी हे सारे नीट करायचे असते. गवंडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून गृहस्थ स्वतःच छिन्नी-हातोडा हाती घेतो. मग कोणाच्या पायात खिळा, कोणाच्या डोळ्यात चुना, कोणाची कंबर धरलेली, तर कोणाला आठवडाभर कोरडा खोकला.

या मंडळींना उपदेश करण्याचा माझा अधिकार यंदा थोडा कमी झाला आहे. कारण गेल्या उन्हाळ्यापासून मी स्वतःच आमच्या घराचे स्वयंपाकघर दर रविवारी थोडे थोडे दुरुस्त करीत आहे. काम अजून अर्धेच झाले आहे. पण त्यातून जे शिकलो ते वाचकांना सांगावेसे वाटते, कारण त्याचा संबंध घराच्या शोभेपेक्षा घरातल्या माणसांच्या प्रकृतीशी अधिक आहे.

सुरुवात झाली ती आमच्या सौ.च्या उजव्या खांद्यापासून. चार-पाच वर्षे तिचा खांदा दुखत होता. मी डॉक्टर असल्यामुळे उपचार घरातच. दुखणे वाढले की वेदनाशामक गोळी, मग मलम, मग शेकणे, मग फिजिओथेरपी. एक्स-रे काढला, रक्तातील साखर तपासली, मानेची तपासणी केली. विशेष काही निघाले नाही. गोळीने चार दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा दुखणे हजर. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्याने जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे मी रुग्णांना रोज बजावतो. घरात मात्र मीच त्या देत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सौ. पातेल्यात आमटी ढवळत होती. सहज वर पाहिले, तर ती टाचा उचलून उभी होती आणि तिचे कोपर खांद्याच्या रेषेत आले होते. मी म्हणालो, "अगं, अशी का उभी राहतेस?" ती म्हणाली, "अहो, पातेल्यात दिसायला नको का? पंचवीस वर्षे अशीच उभी राहते आहे."

मी उठून टेप आणला. ओट्याची उंची भरली ३४ इंच. त्यावर शेगडी ५ इंचांची. तिच्यावर ८ इंचांचे पातेले. म्हणजे पातेल्याची कड जमिनीपासून ४७ इंचांवर. सौ.ची उंची ४ फूट ११ इंच आणि तिचा खांदा ४८ इंचांवर. दिवसातून तीन वेळा, वर्षानुवर्षे, ती खांद्याच्या उंचीवर हात धरून ढवळत होती. हात असा वर राहिला की खांद्याच्या सांध्यातील स्नायूंच्या दोऱ्या वरच्या हाडाच्या कमानीखाली घासल्या जातात व त्यांना सूज येते. हे मी पुस्तकात शिकलो होतो. पण घरातला ओटा कधी मोजला नव्हता.

तो ओटा आम्ही १९९८ साली बांधून घेतला. गवंड्याने विचारले होते, "साहेब, उंची किती ठेवू?" मी म्हणालो, "नेहमीची ठेवा." गवंडी माझ्याच उंचीचा, साडेपाच फुटांच्या वरचा. त्याने आपल्या अंदाजाने विटा रचल्या. जिला तेथे उभे राहायचे होते ती शेजारच्या खोलीत होती. तिला कोणीच विचारले नाही. मीही नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. चुलीच्या धुराने बायकांना दम्यासारखे विकार होतात, डोळे जातात, मुलांना न्यूमोनिया होतो, हे ओळखून निर्धूर चुली देशभर बसवण्यात आल्या. २००२ साली कार्यक्रम संपेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली. हेतू उत्तम होता. पण त्यातील बऱ्याच चुली थोड्याच वर्षांत बंद पडल्या. कोठे चुलीचे तोंड घरातल्या भांड्यांना जुळेना, कोठे धुराडे काजळीने भरले आणि ते साफ कोणी करायचे हे ठरलेलेच नव्हते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आधी विचारले असते, तर यातील पुष्कळ अडचणी आधीच समजल्या असत्या.

माझे मत स्पष्टच सांगतो. स्वयंपाकघराच्या दुरुस्तीत टाइल्सचा रंग, कपाटांची चकाकी, काचेची दारे हे सगळे नंतरचे. पहिला प्रश्न, येथे कोण उभे राहणार आहे आणि तिचे किंवा त्याचे कोपर जमिनीपासून किती उंचीवर आहे? घरात घालता त्या चपलांसह सरळ उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवावे आणि तेथपर्यंत मोजावे. कापणे-चिरणे करण्याचा ओटा त्या मापापेक्षा साधारण ४ ते ६ इंच खाली हवा. शेगडीखालचा भाग त्याहूनही ३-४ इंच खाली असल्यास उत्तम, कारण शेगडी आणि भांडे यांची उंची त्यात मिळवायची असते. घरात स्वयंपाक करणारी माणसे दोन आणि उंचीत फरक मोठा असेल, तर ओट्याचे दोन टप्पे करावेत. याला जादा खर्च फारसा येत नाही. फक्त आधी विचार करावा लागतो.

आमच्याकडे शेगडीखाली कडाप्प्याचा तीन फुटांचा वेगळा तुकडा होता, हे नशीब. शेजारच्या तरुणाला मदतीला घेऊन तो उचलला, खालच्या विटांचा एक थर काढला, पाण्याच्या नळीने पातळी पाहिली आणि तुकडा पुन्हा बसवला. ओटा साडेतीन इंच खाली आला. सांगताना एका वाक्यात झाले. प्रत्यक्षात तीन रविवार गेले. पहिल्या खेपेस पातळी चुकली आणि पाणी भिंतीकडे वाहू लागले, म्हणून पुन्हा काढावे लागले. सिमेंटला आठवडाभर पाणी मारेपर्यंत स्वयंपाक मागच्या पडवीत चालला होता. सौ.ने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, एवढे मात्र कृतज्ञतेने नमूद करतो.

आता माझ्या मोठ्या चुकीविषयी. मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची तिच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. त्याच दिवसांत मी स्वयंपाकघराच्या जुन्या खिडकीचा ऑइल पेंट पॉलिश पेपरने खरवडायला घेतला. तोंडाला रुमालही बांधला नव्हता. दुपारी पाहतो तो पोर जमिनीवरच्या पांढुरक्या धुळीत बोटाने रेघोट्या ओढते आहे आणि तेच बोट तोंडात घालते आहे. माझ्या पोटात गोळा आला. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे पुष्कळ असू शकते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, बुद्धीची वाढ खुंटते, आणि अमुक इतके शिसे निर्धोक अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेलाही सापडलेली नाही. मी काम तेथेच थांबवले. मुलीचे हात-तोंड धुतले, कपडे बदलले, सगळी जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसली आणि तिच्या रक्तातील शिशाची तपासणी करवून घेतली. अहवाल चांगला आला. पण तो येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला ठाऊक.

म्हणून हात जोडून सांगतो. जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारून, ओला करून खरवडा. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवा. झाडू मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. करोनाच्या काळात सर्वांना माहीत झालेला एन-९५ मास्क येथे उपयोगी पडतो. फरशी किंवा ग्रॅनाइट कापतानाही पाणी सोडूनच कापावे, कारण त्या धुळीतील सिलिका फुप्फुसात कायमची रुतते. आपल्याकडे कापायला येणारा कारागीर हे रोज करतो. त्याच्या नाकावर मास्क आहे की नाही हे पाहणे घरमालकाचेही कर्तव्य आहे.

पायात खिळा गेला तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. डोळ्यात चुना वा सिमेंट गेले तर चोळू नका. वाहत्या पाण्याखाली डोळा पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि मग डॉक्टर गाठा. ५० किलोची सिमेंटची गोणी एकट्याने उचलण्यात मर्दुमकी नाही.

काही कामे मात्र स्वतः करूच नयेत. विजेचे काम परवानाधारक वायरमनचे. त्याच्याकडून ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्या. ओल्या हाताने मिक्सरला स्पर्श झाला आणि विजेची गळती झाली, तर क्षणार्धात प्रवाह तोडून ते जीव वाचवू शकते. गॅसची जोडणी एजन्सीच्या माणसाकडूनच हलवून घ्या. सिलिंडर उभा आणि शेगडीच्या खालच्या पातळीवर हवा, रबरी नळी पाच वर्षांनी बदलायला हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून जमिनीलगत झरोका ठेवा. वास आला तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ क्रमांकावर कळवा. पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे कापू, भोसकू वा फोडू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि त्याच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा आजार किंवा कर्करोग काही दशकांनी डोके वर काढतो. आणि तुळई किंवा भार पेलणारी भिंत यांना इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

खांदेदुखीच्या प्रत्येक रुग्णाने ओटा फोडायला घ्यावा असे मात्र नाही. मधुमेहातही खांदा आखडतो, मानेच्या मणक्यामुळेही दुखतो. डावा खांदा किंवा हात चालताना दुखत असेल, घाम येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. पण हे सर्व पाहून झाल्यावर डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, "तुमचा ओटा किती उंच आहे?" मी आता विचारतो. पुष्कळ बायका हसतात आणि मग विचारात पडतात. ज्यांना तोडफोड शक्य नाही, त्यांना मी शेगडीपुढे घट्ट बसणारी, न डगमगणारी, रुंद लाकडी फळी टाकायला सांगतो. अरुंद पाट नको, तो अडखळून पाडतो.

आमच्या कामाची आजची स्थिती अशी. शेगडीची बाजू खाली आली. खिडकी मोकळी झाली आणि धूर ओढणारा पंखा बसला. पावसात काम थांबले होते, ते आता पुन्हा सुरू केले आहे. चिरायच्या बाजूचा ओटा अजून जुन्याच उंचीवर आहे, खालच्या कपाटांना दारे नाहीत, पाहुणे आले की पडदा ओढावा लागतो. सौ.चा खांदा पूर्ण बरा झाला असे म्हणणार नाही. इतक्या वर्षांची झीज साडेतीन इंचांनी भरून निघत नाही. पण पूर्वी आठवड्यातून तीन-चार गोळ्या लागत, आता महिन्यात एखादी लागते, आणि ती टाच न उचलता आमटी ढवळते.

परवा तिने मसाल्याच्या डब्यांची फळी दाखवली. ती मीच गेल्या महिन्यात ठोकली आहे, माझ्या हाताला सहज लागेल अशी. तिला स्टुलावर चढावे लागते. येत्या रविवारी ती फळी खाली आणायची आहे. या वेळी टेपचे दुसरे टोक तिच्या हातात असेल.