आधी तिरपे, मग पत्रा

रायपूरच्या आसपास गोठ्यावर किंवा धानासाठी शेड घालायची म्हटली की चर्चा दोनच गोष्टींची होते: खांब किती जाड आणि पत्रा किती गेजचा. सिलतरा, उरला इथले कारखाने हाकेच्या अंतरावर, भिलाईही लांब नाही. लोखंडाला तोटा नाही. तेव्हा जाड पाइप घ्या, जड पत्रा घ्या, शेड हलणार नाही, असा समज पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे, आणि एप्रिल-मेच्या आंधीत त्याची किंमत शेतकरी मोजतो.

अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम साडेचार-पाच किलो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात रायपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. ‘आपण समुद्रापासून दूर, इथे कसलं वादळ’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ९० किलोंच्या वर जातो. बसक्या शेडसाठी तो काहीसा कमी धरतात, हे मान्य. पण बाजू उघड्या असल्या की वारा आत शिरून छप्पर खालून उचलतो आणि वरूनही ओढतो. तिथे पत्रा किलोभराने जड करून काय साधणार? वर विटा आणि वाळूच्या गोण्या ठेवणं तर धोक्याचंच. पत्रा सुटला की त्या जनावरांच्या अंगावर येतात.

सालाच्या बल्ल्यांवर खिळ्यांनी भागतं, असं जुने मिस्त्री सांगतात. आडव्या जोराला खिळा टिकतो; वारा मात्र त्याला सरळ वर उपसतो. ओल्या लाकडात ठोकला असेल तर लाकूड वाळताना पकड आणखी सुटते. पत्रा फडफडतो, भोक लांबट होत जातं, आणि एका संध्याकाळी खिळ्याचं डोकं पत्र्यातून आरपार निघतं. म्हणून लाकडात आरपार बोल्ट आणि रुंद वॉशर हवेत. लोखंडी पर्लिनवर जे-हूक किंवा रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, तेही पत्र्याच्या उंचवट्यावर. वॉशर नीट बसला की थांबावं. रबर बाहेर फुगलं म्हणजे जास्त आवळलं. कडांना, कोपऱ्यांत आणि पाखांच्या माथ्यावर स्क्रू दाट लावावेत, कारण वाऱ्याची ओढ तिथेच सर्वांत जास्त असते.

‘वेल्डिंग मजबूत आहे, तिरपे कशाला?’ हा सर्वांत महागात पडणारा प्रश्न. चौकट कितीही जाड असली तरी सैल खाटेसारखी एका अंगाला कलते. तिरपा आधार घातला की चौकटीचे त्रिकोण होतात, आणि त्रिकोण कलत नाही. टोकाच्या गाळ्यांत आणि छताच्या पातळीतही फुलीचे तिरपे हवेत. सळईचा तिरपा फक्त ताण घेतो, म्हणून एकटा उपयोगाचा नाही, जोडीनेच लागतो. ट्रॅक्टरची वाट अडत असेल तर त्या गाळ्यात खांब आणि तुळईच्या कोनात आखूड तिरपे द्या, फुली शेजारच्या गाळ्यात घाला.

खांब जमिनीत गाडलाय, हेही पुरेसं उत्तर नाही. कन्हार, म्हणजे काळी चिकण माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाची पकड ढिली करते. उचलणाऱ्या वाऱ्याला खांबाच्या बुडाशी काँक्रीटचं वजनच अडवतं, आणि खांब त्या काँक्रीटमध्ये बोल्टने किंवा सळईने अडकवलेला असावा लागतो.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानत नाही. लहान शेतकऱ्याचा हात तंगच असतो. पण पत्र्याच्या बिलापुढे बोल्ट-स्क्रूचं बिल किरकोळ असतं. यंदा पैसे कमी पडले तर शेड एक गाळा लहान बांधा, तिरपे आणि बोल्ट मात्र पूर्ण घाला.